कडीचा मासा

फाल्गुन लागला की अजूनही लोक मला विचारायला येतात. पाणी किती उतरलंय, मरळ कुठं बसली असेल, गळाला गांडूळ लावावं की कणीक. मी सगळं सांगतो. पूर्णा नदीबद्दल जे ठाऊक आहे ते मी कुणापासून लपवत नाही, असं लोक म्हणतात, आणि मीही मान डोलावतो. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही ती मनातल्या मनात म्हटली नाही.

आता लिहितोय ते मन हलकं करायला नव्हे. राग आवरत नाही म्हणून लिहितोय. परवा गावातल्या पोरांनी माझ्या गळ्यात हार घातला. नदीचा जाणकार म्हणून! एकजण उभा राहून म्हणाला, या माणसाचा नदीबद्दलचा शब्द कधी खोटा निघाला नाही. तो हार तिथंच भिरकावून द्यावा असं वाटलं. भिरकावला का? नाही. घरी आणला आणि खुंटीला टांगला. असा मी आहे, हे आधीच कळलेलं बरं.

आमचं गाव जवळा बाजारपासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठी. ही निजामाच्या राजवटीतली गोष्ट. तेव्हा वर धरण नव्हतं, पावसाळ्यात नदी दोन्ही काठ खात यायची. पलीकडे जायला नाव होती, आणि ती नाव लागावी म्हणून काठापासून पार पाण्यात गेलेला एक दगडी ओटा होता. दिवाळीनंतर पाणी उतरलं की नाव उपडी करून ठेवायची, आणि मग तो ओटा मासे धरणाऱ्यांचा. तिथं बसलं की पायाखाली दोन पुरुष पाणी, आणि ऊन वर आलं की तळाचे गोटेही दिसायचे.

फाल्गुनातलं पाणी निराळंच असतं. थंडी मोडलेली असते, पण पाण्याच्या पोटात ती अजून थोडी शिल्लक असते. सकाळी मासा खाली सुस्त पडून राहतो, गळापुढे गांडूळ नाचवलं तरी बघत नाही. पहिला प्रहर उलटला, दगड तापले, की मग काठाकाठानं हालचाल सुरू होते. मरळ उथळात उन्हाला येते. वाम ओट्याच्या सांदीत असते, तिला काढायची तर गळ दगडाला घासूनच सोडावा लागतो. शिंगाळा तळाशी, दिवस कलल्यावर. पश्चिमेचा वारा सुटला की गुंडाळायचं आणि घरी जायचं, त्या वाऱ्यात काही लागत नाही. हे सगळं मला लिंबाजी भोयानं शिकवलं. नाव त्याचीच. वेळूची काठी कशी भाजून सरळ करायची, मोरपिसाची दांडी दोऱ्याला कुठं बांधायची, ती दांडी थरथरली तर कोणता मासा आणि बुडाली तर कोणता, सगळं त्याचं. आणि मी ते माझं म्हणून आयुष्यभर वाटत आलो. पण आज कबूल करायचं ते हे नाही. हे किरकोळ आहे.

ओट्याच्या वरच्या अंगाला आसरांचा डोह होता. नदीत आडवा एक काळा धोंडा पसरलेला, त्याच्या वर डोह, खाली ओट्याचं पाणी. डोहात कुणी गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही. पाण्यातल्या त्या सात बायांचा सगळ्यांनाच धाक. आणि ज्या बाईची कूस उजवत नसे ती तिथं मासा सोडायची. भोयाकडून जिवंत खवल्या घ्यायचा, मोठ्या खवल्यांचा, लाह्या खायला वर येणारा. त्याच्या पाठीवरच्या पराला चांदीची बारीक कडी अडकवायची, हळद लावायची आणि डोहात सोडायचा. मग दर मंगळवारी काठावर बसून ज्वारीच्या लाह्या टाकायच्या. कडीचा मासा तिच्या लाह्यांना वर आला की आसरांनी तिला पदरात घेतलं. मासा मेला, घारीनं नेला, पुरात गेला, तर त्यात बाईचा दोष नाही, दुसरा सोडायचा. पण मासा डोहात असून तिच्याकडं येत नसेल, तर आसरांनीच तिला नाकारलं असं धरायचे.

तुम्ही हसाल. म्हणाल, अडाणी लोक. हसू नका. त्या कडीवर एका बाईचा अख्खा संसार टांगलेला होता, आणि ते मला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

ती बाई माझी वहिनी. कौसा. दादाशी लग्न होऊन सात वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. माय तिला उठता बसता बोलायची. दादा बोलायचा नाही. तो ताट सरकवून उठून जायचा, ते बोलण्यापेक्षा वाईट. वहिनीनं माघ महिन्यात मासा सोडला. लिंबाजीनं स्वतः निवडून दिलेला, हातभर लांब, सोन्यासारख्या अंगाचा. त्या दिवसापासून तिनं मासे खाणं सोडलं. आणि काय सांगू, पहिल्याच मंगळवारी तो वर आला. दुसऱ्या मंगळवारीही. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता. मायही तिच्याशी चार शब्द नीट बोलायला लागली.

मी तेव्हा बावीसचा. उर्दू शाळेत सात यत्ता शिकून घरी बसलेला. शेतात दादा राबायचा आणि मी ओट्यावर. काठावरून जाणारा येणारा विचारायचा, काय लागलं? त्या फाल्गुनात काहीच लागत नव्हतं. आठ दिवस. शिमग्याच्या आधी अवकाळी पाऊस झाला, पाणी हातभर चढलं, गढुळलं, आणि मग मासा जणू नदीतून उठूनच गेला. लिंबाजी म्हणाला, चार दिवस घरी बसा, पाणी निवळू द्या. त्यानं स्वतःही ओट्यावर यायचं बंद केलं. मी मात्र जात राहिलो. घरी दादा विचारायचा, आजही रिकामाच का? त्या 'रिकामाच'चा मला संताप यायचा. मी खरोखरच रिकामा होतो म्हणून यायचा.

लिंबाजी बोलला त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. ओट्यावर मी एकटाच. उन्हं दगडावर आली आणि मोरपिसाची दांडी एकदम दिसेनाशी झाली. काठी वाकून पाण्याला टेकली. कितीतरी वेळ तो मला आणि मी त्याला ओढत होतो. बोटं कापली. शेवटी तो दमला, आडवा झाला, आणि मी त्याला दगडांवरून वर घेतला. हातभर लांब. पाठीवरच्या परात कडी.

पाणी चढलं होतं तेव्हा तो आडव्या धोंड्यावरून खाली उतरला असणार. मी डोहात गळ टाकला नव्हता, हे खरं. चुकून लागला, हेही खरं. पण तो जिवंत होता. कल्ले हलत होते. ओठात गळ रुतला होता तेवढंच, बाकी अंगाला खरचटलंही नव्हतं. धोंड्यापर्यंत चाळीस पावलं असतील. ओल्या पंच्यात गुंडाळून नेला असता आणि पलीकडे सोडला असता तर संध्याकाळपर्यंत तो लाह्या खायला तयार झाला असता. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं. मला कळलं नाही, मी घाबरलो, मी भांबावलो — असं काही म्हणायला मला जागाच नाही. मी शांत होतो. मी त्या माशाकडं बघितलं आणि मनात काय आलं? की आठ दिवसांनी हातभर मासा लागलाय, आणि तो कुणाला दाखवताच येणार नाही.

मी दगडानं त्याचं डोकं ठेचलं. चाकूनं तो पर कापला आणि कडीसकट नदीत फेकला. मग तिथंच मासा साफ करून, तुकडे करून घरी नेला.

घरात मायच्या सोवळ्यामुळे मासे अंगणातल्या चुलीवर शिजायचे. शिजवले कुणी? वहिनीनं. हळद-मीठ चोळलं, लाल तिखट वाटलं, भाकरी थापल्या. मला वाढताना म्हणाली, ''एवढा मोठा कुठं घावला भाऊजी?'' मी म्हणालो, ओट्याखाली. दादानं त्या दिवशी मला शाबासकी दिली. मी पोटभर जेवलो. चव चांगली होती, हेही लिहून ठेवतो. आणि ती स्वतः मिरचीशी भाकरी खाऊन उठली, कारण तिला मासा वर्ज्य होता.

त्या मंगळवारी लाह्यांना मासा आला नाही. पुढच्याही. लहानसहान मासळी यायची, कडीचा नाही. ती सकाळी जायची आणि दुपारी परत यायची. एकदा ओट्यावर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ''भाऊजी, तुमी इथं रोज बसून राहता. त्यो माझ्याकडं काहून येईना?'' काठावर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ माणसाला मिळते का? मी पाण्याकडं बघत म्हणालो, ''येईल. पानी अजून थंड हाय.'' ती म्हणाली, ''व्हय का?'' आणि परत जाऊन बसली. पाणी तेव्हा चांगलं तापलं होतं. तिला ते कसं कळणार? नदीचं कळत होतं ते मला!

पाडव्यानंतर मायनं वहिनीला कायमचं धाडून द्यायचा विषय काढला. वहिनीच्या माहेराहून तिच्या भावाला बोलावलं, गणपतरावाला. औंढ्याच्या पलीकडचा साधा माणूस, पागोटं मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेला. दादा होता, भावकीतले दोघे होते. वहिनी दाराआड. आणि लिंबाजीला बोलावलं होतं, मासा त्यानं दिला म्हणून. तो पायरीखाली उभा. त्याला वर बस असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

लिंबाजी जे बोलला ते शब्दन् शब्द मला पाठ आहे. ''मालक, शिमग्याच्या अगोदर पानी चढलं व्हतं. मासा धोंड्यावरून खाली उतरला असंल. कुनाच्या गळाला लागला असंल न्हाईतर मेला असंल. यात बाईचं काय न्हाई. म्या दुसरा आनून देतो, फुकट देतो, तुमी सोडा.''

बघा. न बघता म्हाताऱ्यानं सगळं बरोबर सांगितलं होतं. गणपतरावानं मान वर केली. दाराआड बांगड्या वाजल्या. भावकीतला एकजण म्हणाला, बराबर आहे, दुसरा सोडा. झालं असतं. तिथंच मिटलं असतं. मला काही कबूलही करावं लागलं नसतं, नुसतं गप्प बसायचं होतं. नुसतं तोंड बंद ठेवायचं!

पण मायनं माझ्याकडं पाहिलं. ''दिगू, तू सांग. तू तर तिथंच पडून असतो.''

आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? 'कुनाच्या गळाला लागला असंल.' त्या आठवड्यात ओट्यावर एकच गळ होता. लिंबाजी माझ्याकडं बघतोय असं मला वाटलं. तो बघत होता की नाही, मला आजही माहीत नाही. मी म्हणालो, ''मासा डोहातच हाय. परवा बघितला म्या. कडीसकट.''

कडीसकट! हे कुणी विचारलं होतं? हे मी माझ्या पदरचं घातलं. खोटं भक्कम व्हावं म्हणून.

लिंबाजी म्हणाला, ''धाकले मालक, पुन्ना एकदा बघा, पानी फसवतं.'' मी त्याच्यावर ओरडलो. तू मला पाणी शिकवतो का, म्हणालो. ज्यानं मला पाणी शिकवलं त्याला, पायरीखाली उभा असताना, सगळ्यांदेखत. त्यानं मान खाली घातली आणि गेला. भावकीतल्या कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, की पोरगं शिकलेलं आहे, खोटं कशाला बोलेल.

गणपतरावानं पागोटं डोक्याला गुंडाळलं. बहिणीला गाडीत घालून त्याच दुपारी घेऊन गेला. ती रडली नाही. जाताना मायच्या पाया पडली, दादाच्या पडली. माझ्यापुढं थांबून म्हणाली, ''तुमी बघितला ना? मंग ठीक हाय.'' म्हणजे काय, ते तेव्हाच कळलं होतं मला. मासा जिवंत आहे याचंच तिला बरं वाटलं होतं.

वैशाखात दादानं दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही. पाच वर्षं, सहा वर्षं झाली, नाहीच. तेव्हा कुणी मासा सोडला का? कुणी लाह्या टाकल्या का? नाव नाही काढलं. दादाच्या अंगात दोष असेल हे गावातल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि मायलाही कळत होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते गिळलं. मायचा राग येतो मला. मेलेल्या आईचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो. दादाचा येतो. त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाचा येतो, की तुम्हाला माझा शब्द इतका स्वस्तात कसा पटला? एकानं तरी विचारायचं, चल, दाखव. चाळीस पावलांवर डोह होता ओट्यापासून! कुणी उठलं नाही. आणि मग वाटतं, हा राग माझ्या सोयीचा आहे. त्यांना फसवणारा मी, आणि फसले म्हणून त्यांच्यावरच चिडणाराही मी.

दादाची जमीन शेवटी माझ्या मुलांना आली. त्याला वारस नव्हता. मी त्यासाठी बोललो नव्हतो, तेव्हा जमिनीचा विचारही मनात नव्हता. पण त्या जमिनीवरच्या विहिरीचं पाणी मी आज पितो.

यावर गोष्ट संपली असती तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. माणूस भीतीपोटी एकदा खोटं बोलतो, असं स्वतःला समजावत आलो असतो.

रझाकारांचा जोर वाढला होता त्या वर्षीचा फाल्गुन. जवळ्याचा बाजार कसाबसा भरायचा, लोक दुपारीच घाईघाईनं परतायचे. मी बैलाच्या कासऱ्यासाठी सूत घ्यायला गेलो होतो. एका कडेला गोणपाटावर चिंचेचे गोळे मांडून ती बसली होती. केस पांढरे झाले होते, तिशी जेमतेम उलटलेली असेल. मी तोंड फिरवून जाणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. ''भाऊजी!'' हाक अगदी पहिल्यासारखी. तिनं घरचं विचारलं, मायचं विचारलं, दादाच्या तब्येतीचं विचारलं. सवतीचंही विचारलं, आणि मनापासून.

मग म्हणाली, ती दर वर्षी फाल्गुनात एकदा डोहावर येऊन जाते. पलीकडच्या काठानं, आमच्या गावात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. चार कोस चालत. आसरांची माफी मागायला. काय चुकलं ते तिला अजून सापडलेलं नव्हतं, पण काहीतरी चुकल्याशिवाय मासा रुसणार नाही, असं तिचं म्हणणं. या वर्षी रस्ते धड नव्हते आणि भाऊ पाठवत नव्हता. तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर लाह्या होत्या, गावाकडचं कुणी भेटलं तर द्याव्यात म्हणून बांधून आणलेल्या.

''तुमी टाका. माझ्या हातचं त्यो खात न्हाई. आता लई मोठा झाला असंल, न्हाई?''

इथं मला कुणाची भीती होती? माय अंथरुणाला खिळलेली, दादा थकलेला, लिंबाजी वारलेला. समोर ती एकटी, आणि ती मला एक शब्दही लागेल असं बोलली नसती. मी म्हणालो, ''व्हय, मोठा झालाय. चांगला हाय.'' ती हसली. मी पंच्याचं टोक पुढं केलं आणि तिनं त्यात लाह्या ओतल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रहर उलटल्यावर मी ओट्यावर गेलो. वारा पडलेला, पाणी नितळ, दगड तापलेले. फाल्गुनात असे दिवस थोडे. डोहापर्यंत गेलो नाही. ओट्यावरूनच लाह्या टाकल्या. त्या पसरत पसरत खाली निघाल्या आणि सावलीतून खवल्या वर आले, चार, पाच, तोंडं उघडून. काठी शेजारीच होती. मूठभरातल्या शेवटच्या दोन लाह्या मी हातात ठेवल्या होत्या. त्या गळाला लावल्या.

त्या दिवशी दोन लागले.